लायल ओस्टर्गार्डचा डावखुरा

लायल ओस्टर्गार्ड मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या शाळेच्या मैदानाकडेच्या कचऱ्याच्या पिंपामागं. सव्वासहा फूट उंची, धान्याच्या कोठारासारखा घेर आणि डोक्यावर अशी हॅट, की तिच्या सावलीत दोन गायी आरामात बसाव्यात. एवढा ऐवज तो एका पिंपामागं लपवत होता. पहिल्या डावात मला वाटलं, अस्वल आलंय. दुसऱ्या डावात अस्वलानं सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकून वहीत काहीतरी लिहिलं, तेव्हा खात्री पटली की हा आयकरवाला.

"कोच, मी इथं आलेलोच नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

लायल बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबासाठी खेळाडू हेरायचा. नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा अशी गावोगावची शाळकरी पोरं बघायची आणि जूनच्या निवडीत कुणाला उचलायचं ते क्लबाला कळवायचं. या धंद्याचा नियम असा, की पोरगा आवडला तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दुसरे क्लब टपलेले असतात. बाकीचे जांभई देऊन निघून जात. लायल सरळ घोरायला लागायचा.

सव्वीस वर्षं तो असा घोरला, पण त्यानं हेरलेला एकही पोरगा मोठ्या मैदानापर्यंत पोचला नाही. वैरी क्लबाच्या मर्ल टॉमचेकचे पाच पोचले होते.

"मला पाच नकोत, कोच," लायल म्हणायचा. "एक पुरे. मरायच्या आधी एक."

मग आमच्याकडे कोरी वोपाट उगवला. डावखुरा. त्याचे चेंडू झेलून झेलून आमच्या झेलणाऱ्या पोराचा तळहात पुरीसारखा फुगायचा. लायलनं त्याला पाहिलं आणि तत्काळ झोपला. जागा झाल्यावर कोरीला बाजूला घेतलं.

"जाळीमागं वेग मोजायचं यंत्र घेऊन अनोळखी माणूस दिसला, की निम्म्या जोरानं टाकायचं. आजीला टाकतोस तसं."

"आजी जोरात टाकते," कोरी म्हणाला.

"मग तिच्याहून हळू."

एप्रिलभर यंत्रवाले आले आणि मान हलवत गेले. मर्ल तर मला म्हणाला, "कोच, पोराला मांसबिंस खायला घाला." लायल इतका खूश, की त्यानं मला ॲपल पाय खाऊ घातला, तोही आइस्क्रीम घालून.

मे महिन्यात लायल कॅन्ससला गेला असताना जाळीमागं एक नवाच माणूस उभा राहिला. हातात यंत्र. कोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली: हळूच टाक. पोरानं सांगितल्याबरहुकूम आजीला टाकावेत तसे चेंडू टाकले.

तो लायलचा साहेब होता. न कळवता आला होता.

लायलनं माझ्या स्वयंपाकघरातून त्याला फोन लावला. "साहेब, मीच त्याला सांगितलं होतं हळू टाकायला." पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "लायल, सव्वीस वर्षं तू दरवर्षी काहीतरी सांगतोस."

जूनमध्ये निवड झाली. दर फेरीत प्रत्येक क्लब आळीपाळीनं एकेक पोरगा उचलत होता. फेरीमागून फेरी लायलच्या क्लबानं कोरीचं नाव घेतलं नाही. एकेचाळिसाव्या फेरीत वैरी क्लबाला शिकाऊ संघात जागा भरायला एक डावखुरा हवा होता. मर्लची यादी संपली होती. डावखुरा म्हणून त्याला आमचाच आठवला, तो हळू टाकणारा पोरगा. त्यानं नाव दिलं.

चार वर्षांनी कोरी मोठ्या मैदानावर उभा राहिला आणि एका सप्टेंबरात त्यानं लायलच्या क्लबाला दोनदा धुतलं. मर्लच्या पारखी नजरेवर वर्तमानपत्रात अर्धं पान आलं.

"मी त्याला एकदाच पाहिलं होतं," मर्ल मला म्हणाला. "वाईट होता."

दुसरा सामना लायलनं माझ्याकडे बसून टीव्हीवर पाहिला. एकदाच बोलला. "टाकताना खांदा लवकर उघडतोय. कुणी सांगत कसं नाही त्याला."

ऑक्टोबरात क्लबानं लायलला पत्र पाठवून काढून टाकलं. पुढच्या मे महिन्यात तो स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेला. दफनाला आम्ही सात जण होतो. कोरीचा त्या दिवशी सामना होता.