पट्टी दाबायला एक बोट

लष्कराच्या बँडमधून निवृत्त होताना आप्पासाहेबांनी मेसमधला मोडीत निघालेला पियानो वडूजला आणला. इथल्या कोरड्या हवेनं त्याची सूर घुमवणारी मागची फळी दर उन्हाळ्यात तडकायची आणि खालचे सूर खरखरायचे. मग त्यांच्या पत्नी बनाबाई पुढं बसून पट्टी दाबायच्या आणि आप्पासाहेब मागून फळीवर हात फिरवायचे. हाताखाली खरखर थांबली की चीर तिथंच. तिथं सरस लावून लाकडाची बारीक पाचर बसवायची, झालं.

बनाबाई गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. आप्पासाहेब स्वतःच पट्टी दाबून मागं धावत, पण पोचेपर्यंत खरखर विरलेली असे. पट्टीवर वरवंटा ठेवून पाहिला, तरी तेच. सकाळभर त्यांनी पियानोला शिव्या घातल्या. शेवटी चरफडत कुंपणापाशी गेले. शेजारचे लालासाहेब "आता हे धूड इकून टाका" म्हणाले होते, तेव्हापासून आप्पासाहेबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"लालासाहेब, जरा एक बोट पायजे हुतं."

लालासाहेब काही न विचारता आले, बनाबाईंच्या स्टुलावर बसले आणि सांगितलेली पट्टी दाबू लागले. दुसऱ्याच खेपेला आप्पासाहेबांच्या तळव्याखाली खरखर थांबली. त्यांनी चिरेवर खडूची खूण केली.

"घावली का?" पुढून आवाज आला.

"न्हाई अजून," आप्पासाहेब म्हणाले. "दाबत ऱ्हावा."