घर जागतं ठेवणारी बाई

टांगा दारात येऊन थांबला तेव्हा मी केरसुणी घेऊन ओसरी झाडायला लागले होते. मायनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "माणूस निघाल्यावर घर झाडत न्हाईत," म्हणाली. मागून केर काढला की गेलेलं माणूस परत येत नाही, ही आपल्याकडची समजूत तुम्हाला माहीत आहेच. मी म्हटलं, आपण घर विकायलाच निघालोय, परत कशाला यायचंय? तिनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली. केर तसाच राहिला, जुन्या लुगड्यांची पेटी राहिली, जातं राहिलं, आणि कुलूप लावून आम्ही जालन्याच्या मस्तगडातली ती गल्ली सोडली. शेजारच्या कौसाबाई पदर तोंडाला लावून टांग्यामागं कोपऱ्यापर्यंत आल्या.

तुमच्यापैकी जे जालन्यातच राहिले त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, आणि जे माझ्यासारखे पोटामागं बाहेर पडले त्यांच्यासाठीही. दादा, म्हणजे माझे वडील, वारले होते. दुष्काळानं आडाचं पाणी तळाला नेलेलं. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, हैदराबादच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात 'नंबर प्लीज'. माय जालन्यात एकटी कशी राहणार? तिला काचीगुड्याच्या माझ्या दोन खोल्यांत आणली. घर विकून तिकडंच काहीतरी बघायचं ठरलं. दादांनी घर मायच्या नावावर केलेलं, त्यामुळे शेवटी सही तिचीच लागणार होती.

विक्रीचं काम उस्मानभाई दलालांकडे दिलं. हॉटेलच्या बाहेरचा बाक हीच त्यांची कचेरी. बोलायला गोड आणि व्यवहाराला चोख माणूस. त्यांनी पहिल्याच भेटीत धंद्यातली गोष्ट सांगितली. "बाई, बंद घराला गिऱ्हाईक लागत न्हाई. लोक म्हंतेत, कायतरी बराबर नसंल म्हनून सोडून गेले. दारात सडा पायजे, दोरीवर लुगडं पायजे, सांजच्याला दिवा पायजे. घर जागतं ठिवाया मी एक बाई बसवतो, बिलकुल फिकीर करू नका." अशा एकट्यादुकट्या बायका त्यांच्या माहितीत असत. घर विकेपर्यंत राहायला फुकट, मग दुसऱ्या घरी. मला पटलं. मी किल्ली देऊन मोकळी झाले.

सुरुवातीला मायचं हैदराबादेत छान चाललं होतं. घरमालकीण तिला अम्मा म्हणायची, ती तिला अक्का. पाणी म्हणजे नीळ्ळु, एवढं तेलुगू तिनं लगेच उचललं, आणि इडलीला वाफवलेला कापूस म्हणत का होईना, खायला लागली. मग एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले तर देवापुढं दिवा नव्हता. विचारलं तर म्हणाली, "लावला की." समईतली वात कोरडी होती. पुढं कधी भाकरीच केलेल्या नसत. "थापल्या की गं सकाळीच," ती म्हणे, आणि परातीला पीठसुद्धा लागलेलं नसे. मायचा स्वभाव खोटं बोलायचा नव्हता. दिवसभर काम केल्यासारखी ती दमलेली असायची. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, आणि टॉनिक लिहून दिलं. ती टॉनिक घेत होती आणि वाळत चालली होती.

एक दिवस एक्सचेंजमध्येच माझ्यासाठी उस्मानभाईंचा ट्रंककॉल आला. मस्तगडातल्याच कुठल्या किराणा दुकानातून बोलत होते. अंबडकडच्या माणसाला घर पसंत पडलं होतं, मायला घेऊन जल्दी या म्हणाले. ते बोलत असताना मागून एक बायकी आवाज आला. "विचारा तिला, जेवली का."

आवाज ओळखणं हा माझा धंदा. एका 'हॅलो'वर मी माणूस सांगायची. तो आवाज मायचा होता, शेवटचं अक्षर थोडं ओढायची तिची सवय धरून. मागं कोण बोललं, असं मी विचारलं. "ते व्हय? घरातल्या बाई. मीठ न्याया आल्त्या," उस्मानभाई म्हणाले. मी सुट्टी टाकून तडक घरी गेले. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी आले तरी तिनं मान वळवली नाही. जेवलीस का, हे तिनं कित्येक दिवसांत मला विचारलंच नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. मी घाबरले. माझी माय थोडी थोडी करून तिकडं चालली होती, आणि मी ते थांबवू शकत नव्हते.

सहीसाठी तिला न्यावंच लागलं. सकाळच्या गाडीनं उतरलो, रजिस्ट्रीच्या कचेरीचं काम दुपारी होतं. मधल्या वेळात ती म्हणाली, एकदा घर बघते. मला तिला न्यायचं नव्हतं. मी भुताखेतांना मानत नाही, पण भीती वाटायला भूतच लागतं असं नाही.

गल्लीत लख्ख ऊन होतं. आमच्या दारात सडा होता, आणि रांगोळीचा एक कोपरा मायसारखाच उघडा सोडलेला. दोरीवर पेटीतलं हिरवं लुगडं वाळत होतं. कौसाबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. मला बघून हरखल्या. "पारूबाई घरातच हाय बघ, आत्ता पानी भरून गेली." पारूबाई हे मायचं नाव. माय माझ्या शेजारीच उभी होती. कौसाबाईंनी तिच्याकडे परक्या पाहुणीकडे बघतात तसं बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मायनं खाली मान घातली.

तेवढ्यात ती बाई बाहेर आली. उंच, हाडापेरानं मोठी, रूपानं मायसारखी मुळीच नाही. "या की, बसा. कोन पायजे?" आवाज मात्र तोच. माय ओसरीच्या कडेला, जिथं परकी माणसं टेकतात, तिथं बसली. पाणी मागितलं. आडाला पाणी आलं का, असं विचारलं. बाई मोकळेपणानं सगळं सांगत होती, मालक वारले, तेव्हापासून एकटीच आहे, शेजार चांगला आहे. मग म्हणाली, "पोरगी हैदराबादला हाय. टेलिफोनात."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती आणि फसवतही नव्हती. माझ्या नोकरीबद्दल बोलताना मायच्या तोंडावर जो अभिमान यायचा, तो तिच्या तोंडावर होता.

"येती का पोरगी?" मायनं विचारलं.

"कधीमधी. नोकरी हाय ना तिला."

माय तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही उठायचीच नाही, बसल्या जागी विरून जाईल. मी तिचा दंड घट्ट धरला. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, ते अशुभ. 'येते' म्हणायचं, हे मायनंच मला शिकवलेलं. ती उठली, चपला घातल्या, बाईकडे वळली आणि म्हणाली, "जाते मी. तू ऱ्हाय."

कचेरीत तिनं न अडखळता सही केली. परतीच्या गाडीत परभणीच्या आसपास तिनं विचारलं, "जेवली का गं?" मी खिडकीकडे तोंड फिरवून रडले.

हैदराबादेत देवापुढं पुन्हा दिवा लागायला लागला. भाकरी होऊ लागल्या, अक्काला ठेचा शिकवून झाला. जालना मात्र तिच्यातून पुसून गेलं. मी घराचं नाव काढलं की 'कुठलं घर?' म्हणायची, आणि ते रागानं नव्हे. घेणारा अंबडलाच राहिला. त्यानं बाईला घरासोबत ठेवून घेतलं, कारण ती दुसऱ्या घरी जायला तयारच होईना, असं उस्मानभाईंनी कळवलं.

काही वर्षांनी माय गेली. तेरावं उरकून मी जालन्याची गाडी धरली. का, ते मला आजही सांगता येत नाही. बाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"लई दिवस लावले," म्हणाली. "तू आडाच्या काठावरून घसरल्ती, मी झिंज्या धरून वढली, तवा बी असाच जीव टांगला व्हता माझा."

ही गोष्ट जगात मला आणि मायला, दोघींनाच माहीत होती. दादा मारतील म्हणून मायनं ती कुणाला सांगितली नव्हती, आणि शेवटच्या वर्षांत मी आठवण करून दिली तर तिला ती आठवलीही नव्हती.

मी पाय धुतले आणि आत गेले. तिनं मला वाढलं, मी जेवले. आता वर्षातून एकदा तरी जाते. लोक विचारतात, तुमचं जालन्यात कोण आहे? मी सांगते, घर आहे. ती कोण आहे हे मी तिला कधी विचारलेलं नाही. सख्ख्या घरात असलं विचारत नाहीत.