मन्मथमामांना बसवायचं राहिलं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या आमच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गावर होते आणि फळ्यावर फुप्फुसं काढत होते. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडं हृदयाला जागा करून द्यावी लागते... फोन दोनदा वाजला, मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा मामेभावाचं, गिरीशचं नाव बघून बाहेर आले. तो पुण्याच्या दवाखान्यातून बोलत होता. "ताई, आप्पा गेले. आत्ताच, दोन वाजता." आणि मी काही बोलायच्या आत, "इथंच बसवून घिऊ का? सिस्टर म्हणतेत, अर्ध्या तासात काय करायचं ते करा." त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते गेले सहा आठवडे मी कुणाला सांगितलेलं नाही. मामांवर लिहायला बसले आहे, तर ते लिहिल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही.

आम्ही वीरशैव. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, डाव्या तळहातावर आयुष्यभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग देऊन बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. सांगायला सोपं आहे. निष्प्राण माणसाला मांडी घालायला लावणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. चौसाळ्यात हे काम मन्मथमामांचं. मंत्र, विभूती, बेल हे सगळं स्वामींकडं, मामांकडं फक्त देह. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. हमरस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. निरोप आला की कुणाची तरी साखर तराजूत अर्धी तशीच टाकून ते उठत आणि एकच विचारत, "किती वाजता गेले?" कशाने गेले, त्रास फार झाला का, काही नाही. नवख्या माणसाला राग यायचा. मामीसुद्धा म्हणायची, "दोन शब्द बोलावं की आधी माणसानं." त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "बोलायला वरीस पडलंय. गुडघे थांबत न्हाईत."

वडील लवकर गेल्यामुळं आई मला घेऊन माहेरी आली होती, त्यामुळं मी मामांच्याच घरात वाढले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना शेजारच्या काकू गेल्या. बाईच्या अंगाला बाईनंच हात लावावा असा मामांचा कटाक्ष, आणि त्या दिवशी घरातल्या बायका रडून बेजार. मामांनी मला पुढं घातलं. स्वतः पडद्याबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तिथून सांगू लागले.

"जबडा हलवून बघ. ताठलाय का?"

"थोडा."

"मग येळ न्हाई. मान आधी, मग हात, पाय शेवटी. ते वरून खाली उतरतंय, आपून त्याच्या फुडं पळायचं."

मी काकूंचा घोटा धरून पाय वळवायला लागले, तर न बघता त्यांना कळलं. "घोट्याला धरून वढू नको बे! गुडघा छातीकडं ने... आता बाहीर सोड. मांडी खुब्यातनं बसती, गुडघ्यातनं न्हाई." पुरुषांना म्हणायचं 'बे' मला पहिल्यांदा आणि शेवटचं मिळालं. खुब्याचा सांधा वाटीत फिरणाऱ्या गोळ्यासारखा, तो सगळीकडं वळतो. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, एकाच बाजूला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकूंचा पाय हलकेच बाहेर पडला आणि मांडी बसली, तेव्हा मला ते कळलं.

पुढं मी शिकवायला लागले आणि सुट्टीला गेले की मामा मला शास्त्र विचारत. माणूस ताठतो कावून, हा त्यांचा प्रश्न. मी सांगितलं, स्नायू आवळायला ताकद लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सोडायलाही लागते. श्वास थांबला की पेशीतलं इंधन हळूहळू संपतं, आणि स्नायूतले बारीक धागे जिथं एकमेकांना धरून असतात तिथंच धरून राहतात. मामांनी दाढी खाजवली. "म्हंजी सोडायचं बळच ऱ्हात न्हाई माणसात," ते म्हणाले. मग, "आन् फिरून सैल कवा हुतं?" मी म्हटलं, दीड-दोन दिवसांनी, उन्हाळ्यात लवकर. त्यांनी मान हलवली. "ते सैल हुणं न्हवं, ते सांडणं. तवा बसवलेला माणूस बसत न्हाई. हे बघ सुनंदे, माझ्या येळंला तू आसलीस तर तू बसव. नसलीस तर जो आसंल त्यानं बसवावं. तुझी वाट बघत मला ठिवायचं न्हाई." हे त्यांनी गिरीशसमोर सांगितलं होतं. म्हणून तर त्यानं दवाखान्यातून विचारलं.

आणि मी म्हणाले, "नको. घरी आणा. मी बसवते."

तो घुटमळला. मी त्याला शिक्षकी आवाजात समजावलं की ताठरपणा उद्यापर्यंत आपोआप उतरतो, काळजी करू नकोस. हे कारण अर्धंच खरं होतं, आणि माझं कारण ते नव्हतंच. मामांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालणार नव्हता. गिरीश घोट्याला धरून ओढील, त्याला काय कळतं, असं मनात आलं. मला मान हवा होता, हे आता कबूल करते. एवढ्या वर्षांत मामांनी कधी कुणाच्या मयतीत स्वतःचा मान बघितला नाही, आणि त्यांच्या मयतीत मी माझा बघितला.

दवाखान्याचे कागद संध्याकाळपर्यंत हलले नाहीत, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली. तोवर मामांना शीतपेटीत ठेवलं होतं. थंडीत हा ताठरपणा कितीतरी जास्त टिकतो. फ्रिजमधली भाजी टिकते हे ज्याला कळतं त्याला हे कळायला हवं. मी तर दरवर्षी शिकवते, आणि मला ते गाडी दारात येईपर्यंत आठवलं नाही.

दुपारी एकला त्यांना ओसरीवर घेतलं. बसवून न्यायची डोली झेंडूंनी सजली होती, चौकोनी खड्डा तयार होता, स्वामी येऊन बसले होते. मी जबडा हलवून बघितला. नंतर गुडघ्याला हात घातला, तोही हलेना. गरम पाण्याचे कपडे ठेवले, तीळतेल चोळलं, तास गेला, दुसरा गेला. पाय सरळ ते सरळच. भावकीतले एक आजोबा म्हणाले, "दोघं जण धरा अन् बळ लावा. बसंल." पोरांनी धरलं, आणि उजव्या गुडघ्यातून करकर आवाज आला. मी ओरडले, "सोडा त्यांना!" बळ लावलं असतं तर कदाचित जमलंही असतं. पण मामा म्हणायचे मांडी गुडघ्यातनं बसत नाही, आणि मी त्यांचा गुडघा मोडू शकत नव्हते. अखेर स्वामीच म्हणाले, "राहू द्या ताई. शिवाला बसलेला काय, निजलेला काय." डाव्या हाताची बोटं उघडेनात म्हणून लिंग छातीवर ठेवलं. मग सगळे खड्डा लांब होण्याची वाट बघत थांबले. गावातली सगळी माणसं ज्यांनी बसवली, त्यांना आम्ही आडवं ठेवून आलो.

दवाखान्यानं उशीर केला, असं गिरीश सगळ्यांना सांगत होता. मला वाचवत होता. मी गप्प राहिले, आणि लोकांनी मला धीर दिला की तू काय करणार पोरी... तो धीरही मी घेतला.

परवा चौसाळ्याला गेले. मामांच्या खोलीत भिंतीला गादी उभी टेकवलेली तशीच आहे, वर डोक्याच्या तेलाचा काळपट डाग. शेवटचे चार महिने ते तिथं बसूनच झोपायचे. हृदय थकलं की रक्त नीट पुढं ढकलत नाही, फुप्फुसात पाणी साचतं. माणूस बसला तर ते तळाशी राहतं आणि वरचा भाग तरी श्वासाला मोकळा मिळतो. आडवा झाला की ते सगळीकडं पसरतं आणि जीव गुदमरतो. मामीला यातलं काही माहीत नाही. ते आडवे झाले की धडपडून उठतात, एवढंच तिला ठाऊक, म्हणून ती त्यांच्या पाठीशी उशा लावून जागत बसायची.

चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवून ती त्या गादीजवळ टेकली. मग म्हणाली, "सुनंदे, तू शिकलेली हाईस म्हणून इचारते. आडवं पडलं की त्यान्ला दम लागायचा गं. तिथं तर आडवंच ठिवलंय... लागत आसंल का?"

श्वास कसा चालतो आणि कसा थांबतो, हे मी शेकडो पोरांना समजावलंय. 'नाही' एवढाच शब्द होता, आणि तो खराही होता. मला तो म्हणता आला नाही.