दहाच्या वेगाची तार

आमच्या वाचनालयाच्या भिंतीतून संगणकासाठी जी जुनी, पीळ दिलेल्या जोड्यांची तार गेली आहे, ती वायरमन मावशीने तीस वर्षांपूर्वी आपल्या हातांनी ओढली. बाई शिडीवर चढली म्हणून तेव्हा बघ्यांची गर्दी झाली होती.

आज पुस्तकं शोधायचा नवा संगणक बसला, पण काही केल्या जोडला जाईना. कंत्राटदाराने हात झटकले. "ही तार कधीच कालबाह्य झाली. भिंती फोडाव्या लागतील. महिनाभर कुलूप!"

परीक्षा तोंडावर आलेल्या. अभ्यासाला बसलेल्या पोरींचे चेहरे खर्रकन उतरले. एकीने धावत जाऊन मावशीला आणलं.

मावशीने धापा टाकतच कंत्राटदाराला थट्टेने विचारलं, "जावईबापू, यंत्राला माहिती धाडायचा वेग कितीचा लावलाय?"

"शंभरचा."

"अहो, ही दहाची तार! म्हातारीला शर्यतीत पळवायचं आणि वर तिलाच लंगडी म्हणायचं होय?"

"पण दहावर भागेल?"

"पुस्तकांची नावंच बघायचीत ना? सिनेमा थोडाच लावायचाय!"

त्याने वेग दहावर आणला. हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर नावांमागून नावं धावत आली! पोरींनी असा गलका केला की शांततेची पाटीसुद्धा लाजली असेल.

"मावशी, मानलं तुम्हाला," कंत्राटदार म्हणाला.

"परीक्षा झाल्या की खुशाल नवी घाला. फक्त भिंतीला हात लावण्याआधी मला बोलवा. तार कुठे वळते, ते मलाच ठाऊक."

त्याने उभ्या उभ्या तिचा नंबर लिहून घेतला.