मायलोमामावरचा भोपळा

थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर भोपळा मधोमध ठेवायचा, हे आमच्या विस्कॉन्सिनमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या सासूबाई, आर्डिथ टोलेफसन, मात्र तो खिडकीकडच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायच्या. एका वर्षी गावच्या साप्ताहिकाची बाई फोटो काढायला आली. तिने फोटोखाली छापलं, 'चाकोरीबाहेरची मांडणी'. झालं. पुढच्या नोव्हेंबरात निम्म्या गावाचे भोपळे खिडकीकडे सरकले. चर्चमधल्या बायका विचारायच्या, "आर्डिथ, तुला सुचतं तरी कसं गं हे?" सासूबाई लाजल्यासारखं करून म्हणायच्या, "अगं, हात गेला तिथे ठेवला."

साफ थाप. तो भोपळा मायलोमामावर ठेवलेला असायचा. मायलोमामा म्हणजे सासूबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, माझ्या नवऱ्याचा मामा. आणि भोपळा त्याच्या अंगावर नव्हे, नावावर.

टोलेफसनांच्या घरात एक पांढरा टेबलक्लॉथ आहे, सासूबाईंच्या आईचा. वर्षातून एकदाच निघतो. जेवण झालं की ज्याने त्याने आपल्या ताटापुढे पेन्सिलीने एक ओळ लिहायची: यंदा मी कशाबद्दल आभारी आहे. खाली नाव. मग हिवाळाभर, दाराशी बर्फ साचलेला असताना, सासूबाई त्या ओळी रंगीत दोऱ्याने भरत बसायच्या. नियम दोनच, तेही आईने घालून दिलेले. लिहिलं असेल तसंच भरायचं, आणि एकदा भरलं की उसवायचं नाही.

नियम घालताना आईने जावयांचा विचार केला नव्हता. माझी नणंद कॉनी, हिचा पहिला नवरा डुएन. त्याने लिहिलं होतं, 'अशी बायको मिळाल्याबद्दल'. थोड्याच दिवसांत त्याला आणखी एक मिळाली. आता कॉनी दुसऱ्या नवऱ्याला घेऊन येते आणि डुएन हिरव्यागार दोऱ्यात तिथेच. उसवता येत नाही, म्हणून त्याच्यावर पितळी मेणबत्तीदान. आमचे जुने पाद्री एकदा जेवायला येऊन ओळ लिहून गेले होते; पुढे ते चर्च सोडून जुन्या गाड्या विकायला लागले, त्यांच्यावर रंगीत मक्याच्या कणसांची जुडी. बाहेरच्यांना वाटायचं, काय सजावट आहे! आम्ही घरचे बघायचो ते कोण कशाखाली गेलं.

मीही गेले होते एकदा. घरी मळायचा कंटाळा आला म्हणून दुकानातले पाव घेऊन गेले. पुढच्या वर्षी जाऊन बघते तर माझ्या नावावर मोहरीची बाटली. त्या वर्षी पाव मी स्वतः मळून नेले होते. सासूबाईंनी एक तोडला, चावला, आणि बाटली बाजूला सरकवली. सासरे, म्हणजे हार्लन, यांना मात्र कधी कशाखाली जावं लागलं नाही. ते लग्नापासून दर वर्षी एकच शब्द लिहीत आलेत, 'लोणी'.

तर मायलोमामा. सासूबाईंची आई गेली त्या वर्षी थँक्सगिव्हिंगची टर्की पहिल्यांदाच सासूबाईंनी भाजली. जेवण शांतपणे झालं, आणि मायलोमामाने आपली ओळ लिहिली: 'ग्रेव्ही होती म्हणून टर्की घशाखाली उतरली.' सासूबाईंनी ती वाचली. म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी तू घरीच बस आणि ग्रेव्ही पी." तो टोपी घालून निघून गेला. पुढे हिवाळाभर या बाईने, दात ओठ खात का होईना, ती अख्खी ओळ नारिंगी दोऱ्याने भरली. नियम म्हणजे नियम. मग वर भोपळा ठेवला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच गावात राहायचे, एकाच चर्चमध्ये जायचे, पण बसायला सासूबाई डावीकडे, तो उजवीकडे. थँक्सगिव्हिंगला तो हायवेवरच्या खानावळीत ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून जेवायचा. वीसेक वर्षं असंच चाललं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या घराण्यात भोपळ्याला काहीतरी धार्मिक महत्त्व असेल.

मागच्या साली ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणीतरी म्हणालं, मायलोने गायी विकल्या. गुडघे गेले, दूध काढणं होत नाही. डिसेंबर लागला की मुलीकडे ॲरिझोनाला, कायमचा.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. आम्ही गाडीने घरी आलो. दारात म्हणाल्या, "नॅडीन, त्याला जेवायला बोलाव."

"मी? तुमचा भाऊ आहे, मॉम."

"म्हणूनच तू बोलाव. मी बोलावलं तर त्याला वाटेल, मला पाहिजे म्हणून बोलावते आहे."

"मग तुम्हाला नकोय का?"

"तू पाव मळायचं बघ," सासूबाई म्हणाल्या.

मी गेले. मायलोमामा रिकाम्या गोठ्यात उगाचच झाडू मारत होता. मी आमंत्रण दिलं. तो म्हणाला, "तिने पाठवलं?"

"नाही हो. मीच आले."

"मग नाही येत."

"बरं, त्यांनीच पाठवलं."

"मग तिला स्वतः यायला काय झालं?"

टोलेफसनांच्या आणि त्यांच्या सगळ्या गोतावळ्याच्या नावाने मी मनातल्या मनात बोटं मोडली आणि म्हणाले, "मामा, यायचं तर या. मी पाव मळणार आहे. दोन्हीकडचा निरोप्या होऊन वर पाव मळायला मला जमणार नाही." तो पहिल्यांदाच हसला. "पाव घरचे?" म्हणाला. "मग बघतो."

आता खरी पंचाईत. तो आला तर भोपळ्याचं काय? भोपळा तसाच ठेवला, तर पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्याच नावावर वजन ठेवल्यासारखं. काढला, तर त्याच्यासमोर ती ओळ उघडी. आदल्या दिवशी सासूबाईंनी टेबल इतक्या वेळा मांडलं आणि मोडलं की मेणबत्तीदान सरकवण्याच्या नादात कॉनीचा दुसरा नवरा रेक्सही झाकला गेला. तो बिचारा दारात उभं राहून बघत होता. "मी काय केलं?" त्याने हळूच मला विचारलं.

"तुम्ही काही नाही केलं. सध्या सगळेच हलतायत."

मी म्हटलं, "मॉम, त्या ओळीचे चार टाके उसवा आणि मोकळ्या व्हा. आई बघायला येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला परत मोहरीचा वास यायला लागला. शेवटी भोपळा होता तिथेच राहिला. मायलोमामाची खुर्ची त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि बोलणं तोडायच्या आधी तो जिथे बसायचा त्या खिडकीकडच्या जागेवर हार्लनना बसवलं. "भोपळा हलला तरी हार्लन काही वाचणार नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना लोणी दिसलं की पुरे."

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, मायलोमामा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बाजारची पम्पकिन पाय, भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेली. सासूबाईंनी दार उघडलं. भाऊ-बहीण इतक्या वर्षांनी समोरासमोर, आणि पहिलं वाक्य काय? "पाय कुठली?"

"दुकानातली."

मी डोळे मिटले. पण सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिकडे," आणि चक्क बाजूला झाल्या.

आतल्या खोलीत फुटबॉल चालला होता. पुरुषमंडळी टीव्हीसमोरून उठली आणि टेबलाशी आली. मायलोमामा मांडलेल्या खुर्चीकडे गेलाच नाही. सरळ खिडकीकडे येऊन हार्लनच्या मागे उभा राहिला. "ऊठ, भावजी. माझी जागा आहे."

हार्लननी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे. हार्लन उठले, लोण्याची बशी बरोबर घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. तिथूनच त्यांनी प्रार्थना म्हटली. त्यांची प्रार्थना नेहमीच आटोपशीर असते, त्या दिवशी 'आमेन' आणि 'बटाटे इकडे दे' यांत श्वाससुद्धा नव्हता.

भांडी फिरू लागली. कुस्करलेले बटाटे, फरसबी, क्रॅनबेरी, माझे पाव. मायलोमामाने काहीच वाढून घेतलं नाही. भोपळ्याकडे बघत बसला.

"चाकोरीबाहेरची मांडणी," तो म्हणाला.

कॉनीने हातातलं फरसबीचं भांडं खाली ठेवलं.

"साप्ताहिकात फोटो आला ना, तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, ही तर माझी जागा. मी बसायचो ती जागा मला कळणार नाही होय, आर्डी?" आणि त्याने दोन्ही हातांनी भोपळा उचलून खाली जमिनीवर ठेवला.

मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं, मग टेबलाकडे, आणि मला जे दिसलं ते आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. कापड जुनं झालेलं. माझ्या ओळीवर क्रॅनबेरीचे लाल शिंतोडे. कॉनीवर कॉफी. हार्लनची लोण्यांची रांग लोण्यानेच पिवळी पडलेली. त्या कोपऱ्यातल्या बाकीच्या ओळींवरही कशाकशाचे डाग. आणि भोपळ्याखालचं ते गोल मात्र कालच इस्त्री केल्यासारखं पांढरंशुभ्र, त्यात मायलोमामाची नारिंगी ओळ अशी ठसठशीत की दुसऱ्या टोकावरूनही वाचता यावी.

त्याने ती मोठ्याने वाचली. "'ग्रेव्ही होती म्हणून टर्की घशाखाली उतरली. मायलो.'" बोटाने टाके चाचपले. "जसंच्या तसं भरलंस."

"नियम आहे," सासूबाई म्हणाल्या. "आई गेल्यावरची पहिली टर्की होती ती, मायलो. कोरडी झाली होती हे मलाही कळत होतं. तू बोलायला नको होतंस. दुसरं कुणीही बोललं असतं तरी चाललं असतं."

मायलोमामाने बोट त्या टाक्यांवरून काढलं नाही. मग म्हणाला, "घास घेतला आणि कळलं की आईच्या हातची आता परत कधीच मिळणार नाही. रडू आलं. टेबलाशी रडायचं कसं, म्हणून टर्कीला नावं ठेवली."

कॉनी नाक पुसायला लागली. रेक्सने तिला हातरुमाल दिला. दुसरा नवरा बरा आहे हे माझं तेव्हाच ठरलं.

सासूबाई उठल्या. टर्कीचा एक जाड काप मायलोमामाच्या ताटात वाढला आणि शेजारी उभ्या राहिल्या. "खा. आणि खरं सांग."

त्याने घास घेतला. चावला. आणखी चावला. आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होतो. त्याने पाण्याचा घोट घेतला.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, आता हा परत टोपी घालणार. सासूबाईंनी ग्रेव्हीचं भांडं उचललं. "मग ग्रेव्ही घे ना, मेल्या!" असं म्हणून त्यांनी ती ताटात ओतायला सुरुवात केली आणि ओतत ओतत हात तसाच पुढे नेला. काठावरून, ताटापलीकडे, सरळ कापडावर. त्या पांढऱ्याशुभ्र गोलावर, 'मायलो' या नावावर, गरम तपकिरी ग्रेव्हीचं चांगलं डबकं झालं.

एरवी कापडावर थेंब पडला तर ही बाई मिठाचा डबा घेऊन धावते. मी सवयीने मिठाकडे हात नेला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "राहू दे. इतकी वर्षं एकटा कोरा राहिला होता."

मायलोमामा हसायला लागला, मग हसता हसता रडायला लागला, आणि या वेळी टर्कीला काही बोलला नाही. दोन वेळा वाढून घेतली. जेवण झाल्यावर आम्ही पेन्सिल फिरवली. हार्लननी लिहिलं, 'लोणी'. मायलोमामाने ओल्या डागाच्या शेजारी लिहिलं, 'अजून कोरडीच. देवाची कृपा.'

डिसेंबरात तो ॲरिझोनाला गेला. सासूबाईंनी हिवाळाभर ती ओळ भरली, पुन्हा नारिंगीच दोऱ्याने, आणि रविवारी फोनवर त्याला सांगत राहिल्या की 'कोरडीच' मधला 'च' भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

यंदा भोपळा बाहेर पायरीवर आहे. जेवणाच्या आधी चर्चमधल्या बायका नेहमीप्रमाणे टेबल बघायला आल्या आणि गोंधळल्या. खिडकीकडे काहीच नाही, नुसता उघडा कोपरा, त्यात नारिंगी अक्षरांवर पसरलेला एक भला मोठा तपकिरी डाग. इंगा नावाच्या बाईंना राहवलं नाही. "आर्डिथ, व्हिनेगर लावून बघ. असले डाग जातात."

"डाग कसला?" सासूबाई म्हणाल्या. "भाऊ आहे माझा तो." आणि टर्की बघायला आत गेल्या.