नळाचं फडकं

प्लंबरने छिन्नीवर हातोडा घातला आणि स्वयंपाकघराची भिंत फुटली. फरश्या तडकल्या, विटांचे तुकडे ओट्यावर उडाले. मग त्याने जुना लोखंडी पाइप पिरगाळून, हिसडून भिंतीतून उपटला. बाहेरून धड दिसणारा पाइप आतून गंजाने इतका भरला होता की करंगळीही जाईना.

"बघा साहेब, यातून पीत होतात!" तो म्हणाला.

मी बायकोकडे पाहत होतो. प्रत्येक घावाला ती डोळे मिटून खांदे आक्रसत होती. ते आक्रसणं माझ्या ओळखीचं आहे. मी ताट भिरकावतो, दार आपटतो, तेव्हा ती अशीच उभी असते. चारचौघांत मी मवाळ माणूस. माझ्यातून या घरात रोज काय येतं, ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी नव्या पाइपातून स्वच्छ पाणी आलं. तरी तिने नळाच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधायला घेतलं, रोजच्यासारखंच.

"आता कशाला? पाइप नवा आहे ना!" माझा आवाज चढलाच.

तिचे खांदे आक्रसले. पण गाठ आवळत ती म्हणाली, "पाइप नवा आहे हो. पाणी बघू दे चार दिवस."