भरतीच्या वेळच्या मगरी

"कॅप्टन, मगर कुठाय?"

पुण्याचे गेस्ट होते. नवरा-बायको आणि शाळकरी मुलगी. शिडात छान वारा भरलेला, दोन्ही बाजूंना डोंगर, काठाने तिवरांची हिरवी रांग. नुकताच एक समुद्रगरुड पायात मासा धरून आमच्या डोक्यावरून गेला होता. त्यांनी मान वर केली नाही. ब्रोशरवर मगर छापली होती, त्यामुळे मगरच हवी होती.

"आत्ता नाही दिसणार," मी म्हटलं.

"मग पैसे कसले घेता?"

हे रोजचंच झालं होतं. मी मालवाहू जहाजांवर नोकरी करून गावी परतलेला माणूस. चिपळूणच्या खालच्या खाडीत, माझ्याच गावच्या पाण्यात, शिडाची बोट चालवायची नोकरी मिळाली तेव्हा हरखून गेलो होतो. काम साधं. पाहुण्यांना जेटीवरून घ्यायचं, शिडावर हळूहळू खाडी उतरायची, बोटीतच मुक्काम करायचा आणि समुद्र शांत असला तर वेळणेश्वरापर्यंत जाऊन यायचं. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. चिपळुणात त्यांचं हॉटेल आहे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुराच्या वेळी आमच्या वाडीला त्यांच्या किचनमधून जेवण येत होतं. तोंडात घास घालणाऱ्याशी भांडणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

तर मगर का दिसायची नाही? शिडाच्या बोटीला खालून एक जड उभी पट्टी असते. तिला कील म्हणतात. ती असते म्हणून वाऱ्याने बोट कलली तरी उलटत नाही. पण तिच्यामुळे बोटीला पुरुषभर पाणी लागतं, आणि आमच्या खाडीत वरच्या अंगाला तेवढं पाणी भरतीलाच मिळतं. मगर उन्हात पडते ती ओहोटीला, चिखल उघडा पडल्यावर. म्हणजे बोट जाते तेव्हा चिखल पाण्याखाली आणि मगर तिवरांच्या मुळांत. इंजिनच्या होडीतून ओहोटीला जावं, तर आवाज ऐकून ती आधीच पाण्यात सरकते. यात कोणाचा दोष नाही. चंद्राला कंप्लेंट करायची असेल तर करावी.

भाऊंना हे पटलं नाही.

"कॅप्टन, रिव्ह्यू वाचलेत?"

"वाचले. भाऊ, ब्रोशरवरची मगर काढा. समुद्रगरुड टाका, ऊद टाका, आपली पाणमांजरं."

"ऊद बघायला पुण्याहून कोण येतंय?"

पुढच्या काही ट्रिपनंतर अचानक भर भरतीत वळणावर मगरी दिसायला लागल्या. पहिल्यांदा एक डोकं वर आलं, मग तीन. गेस्ट आरडाओरडा करून फोटो काढत होते. मी सुकाणू धरून विचार करत होतो. हिला आज पाण्याच्या मध्यावर काय काम? मग एकदा लवकर निघालो आणि उत्तर मिळालं. हॉटेलची छोटी होडी आमच्या पुढे वळणावर उभी होती. भाऊंचा माणूस थर्माकोलची पांढरी पेटी पाण्यात उलटी करत होता. कोंबड्यांची आतडी, मुंड्या, पाय. हॉटेलात फुकट पडलेला माल.

माझं डोकं फिरलं. तसाच भाऊंकडे गेलो.

"भाऊ, त्याच वळणावर आमच्या बाया चिखलातल्या तिसऱ्या काढायला उतरतात."

"त्या ओहोटीला उतरतात. आपण भरतीला जातो. टाइम वेगळा आहे."

"मगरीला टाइमटेबल कोण दाखवणार?"

"अहो, इतकी वर्षं बाया आणि मगरी एकाच खाडीत आहेत. कधी काही झालंय?"

झालं नव्हतं, हे खरं. बाया आल्या की मगर बाजूला व्हायची, मगर दिसली की बाया थांबायच्या. ती सगळी एकमेकांना घाबरून होती, म्हणून सुखात होती. हे मी सांगितलं. भाऊ "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता तिसऱ्या कशा काढतात ते सांगायला हवं. बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि पायाने चाचपून, वाकून चिखलातून शिंपल्या काढतात. त्या ठेवायला मागे एक तरंगती पेटी असते, कमरेला दोरीने बांधलेली. पूर्वी लाकडाचं काहीतरी असायचं. हल्ली मासळीबाजारात टाकून दिलेली थर्माकोलची पेटी फुकट मिळते. पांढरी.

माझ्या थोरल्या भावाची बायको, सुगंधा वहिनी, भाऊंच्या त्या "बघू"नंतर एका ओहोटीला सगळ्यांच्या पुढे होती. मगर पेटीवर आली. दोरी कमरेला होती, वहिनी मागे ओढली गेली, पाण्याखाली गेली. बाकीच्या बाया किंचाळत पाणी बडवत राहिल्या. पेटी मगरीच्या दातांत फुटली, म्हणून वहिनी सुटली. दगडांवरच्या कालवांच्या धारदार कवचांनी दोन्ही तळहात फाटले होते. दवाखान्यात मला म्हणाली, "भावोजी, ती माज्यावर नाय आली. ती पेटीवर आली."

तेव्हा भाऊंचा मला एवढा राग आला, की समोर असते तर हात उचलला असता. ते आले, पण हात जोडूनच आले. "चुकलं," म्हणाले. दवाखान्याचा खर्च केला. त्या दिवसापासून खाडीत एक पीससुद्धा टाकला नाही, हेही खरं. वळणावर स्वतःच्या खर्चाने बोर्ड लावला, 'मगरींचा वावर, पाण्यात उतरू नये'. गेस्ट त्या बोर्डासोबतही फोटो काढतात.

आणि मगरी? त्या येतातच. शीड दिसलं की वळणावर डोकी वर काढतात. सवय लावायला थोड्या कोंबड्या पुरल्या, सोडवायला काय लागतं ते कोणालाच माहीत नाही. भाऊंचा आता काहीही खर्च होत नाही आणि रिव्ह्यू उत्तम आहेत.

बाया त्या वळणावर उतरत नाहीत. दुसरीकडे एवढ्या तिसऱ्या नाहीत. भाऊंनी त्यातल्या चौघींना, वहिनी धरून, जेटीवर स्वयंपाकाला ठेवलं. मी पोलिसांत जायचं म्हटलं, तर वहिनीनेच अडवलं. "गेलेलं वळण परत येनार हाय? हातात हाय तेवढं तरी ऱ्हाऊ दे." मी गेलो नाही. बोट अजून मीच चालवतो.

परवा जेटीवर गेस्ट जेवत होते. तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी. तिसऱ्या आता बाहेरून टेम्पोने येतात, बर्फात. एका बाईंनी विचारलं, "मावशी, या तुम्ही स्वतः काढता? काय फ्रेश आहेत!"

"व्हय ताई. आमच्याच खाडीतल्या," वहिनी म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

नंतर मी विचारलं, "वहिनी, खोटं कशाला बोललात?"

"काय सांगू? येवड्या लांबून आल्यात. गोड लागतंय तर लागू दे."

तिने हात धुतले. तळव्यांवरचे वण अजून लाल आहेत.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. पाण्याच्या वेळेला जे दिसेल ते दाखवा. नाही दिसलं तर शिव्या खा. पाहुण्यांच्या शिव्या खाल्ल्याने कोणाची खाडी जात नाही.